निवृत्तीनंतर परदेशी शहरात राहायला जाणार आहोत. वस्ती सुरक्षित आहे की नाही हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साठीनंतर दोघंच परदेशातल्या एका शहरात कायमचं राहायला जाणार, तिथली भाषा जेमतेम येते, घर शोधायला दोन आठवडे हाताशी आहेत. इंटरनेटवर त्याच शहराला कुणी डोक्यावर घेतं, तर कुणी अंधार पडल्यावर बाहेर पडू नका म्हणून बजावतं. विश्वास कुणावर ठेवायचा?

दोघंही खरं बोलत असू शकतात, कारण दोन गल्ल्या ओलांडल्या की शहर बदलतं आणि एकाच गल्लीत दुपारचे तीन आणि रात्रीचे अकरा यांत फार फरक असतो. म्हणून प्रश्न लहान करून घ्या. औषधाचं दुकान, किराणा, बसथांबा, दवाखाना आणि संध्याकाळचा फेरफटका, या तुमच्या रोजच्या पाच वाटा तुमच्या वेळेला कशा आहेत, एवढंच तपासायचं आहे. हे दोन आठवड्यांत नक्की जमतं, मात्र उतरायचं त्याच वस्तीत, भाड्याच्या खोलीत. शहराच्या मध्यावरच्या हॉटेलात राहून वस्ती कळत नाही.

आधी घरबसल्या करायचं काम. सरकारी प्रवाससूचना बहुधा अख्ख्या देशासाठी किंवा एखाद्या प्रांतासाठी असतात; वस्ती निवडायला त्यांचा फारसा उपयोग नाही. नंबिओसारख्या संकेतस्थळावरचा 'सुरक्षितता निर्देशांक' हा त्या संकेतस्थळाला भेट देणाऱ्या लोकांनी भरलेल्या मतांवर बेतलेला असतो. लोकांना काय वाटतं ते त्यातून कळतं, काय घडतं ते कळत नाही. देशादेशांची तुलना करायचीच असेल तर दर लाख लोकसंख्येमागे खुनांचा दर बघा. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ आणि गुन्हे कार्यालय तो प्रसिद्ध करतं. खून सहसा नोंदल्यावाचून राहत नाही. बाकीच्या गुन्ह्यांच्या व्याख्या आणि मोजण्याच्या रीती देशागणिक वेगळ्या. स्वीडनमध्ये एकाच तक्रारीतली प्रत्येक घटना स्वतंत्र गुन्हा म्हणून मोजली जाते, त्यामुळे तिथले आकडे शेजाऱ्यांपेक्षा फुगलेले दिसतात. विम्याच्या दाव्यासाठी जिथे पोलिसांची नोंद लागते तिथे चोऱ्या जास्त दिसतात, आणि तक्रारीचा काही उपयोग नाही असं लोकांना वाटतं तिथे कमी.

शहराच्या पोलिसांचा गुन्हे-नकाशा असेल तर तो मात्र जरूर उघडा. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांच्या संकेतस्थळावर रस्त्यानुसार, महिन्यानुसार नोंदी मिळतात. शिकागो शहराच्या नोंदी २००१ पासूनच्या आहेत. गोपनीयतेसाठी दोन्हीकडे नेमका पत्ता देत नाहीत, त्यामुळे तुमच्या इमारतीसमोर दिसणारा ठिपका पलीकडच्या घराचाही असू शकतो. एकूण बेरीज बघू नका. घरफोडी, जबरी चोरी आणि मारहाण हे तीनच प्रकार वेगळे काढा आणि निदान तीन वर्षांच्या नोंदी घ्या. महिन्यात दोनच्या चार घरफोड्या झाल्या तरी ती शंभर टक्के वाढ ठरते, आणि तिला काही अर्थ नसतो.

आणखी एक फसवणारी गोष्ट म्हणजे भागाकार. समजा एका वस्तीत ४,००० लोक राहतात आणि वर्षाला २०० पाकीटमाऱ्या होतात. हजारी ५० हा आकडा भयंकर वाटतो. पण तिथे रेल्वे स्थानक असेल आणि रोज ६०,००० लोक ये-जा करत असतील, तर त्यातल्या बहुतेक चोऱ्या फलाटावर आणि प्रवाशांच्या झालेल्या असणार. घरफोडीला हा नियम लागू नाही, ती राहणाऱ्यांचीच होते. म्हणून मी घरफोडीच्या आकड्याला सगळ्यात जास्त वजन देईन.

विमा कंपनीकडे याहून पक्की माहिती असते, कारण चुकलं तर पैसे तिचे जातात. घरातल्या सामानाच्या विम्याचं कोटेशन दोन पत्त्यांसाठी मागवा. घराचा आकार, मजला, विम्याची रक्कम सगळं सारखं ठेवा आणि फक्त पत्ता बदला. हप्त्यात मोठा फरक आला तर का ते विचारा. पुराचा धोकाही बऱ्याचदा इथेच उघडा पडतो. एखाद्या भागात कंपनी विशिष्ट कुलपाची किंवा जाळीची अट घालत असेल तर तिथे पूर्वी काय घडलंय याचा अंदाज येतो.

आता प्रत्यक्ष बघणं. एकाच वाटेवर निदान पाच वेळा जा: कामाच्या दिवशी सकाळी सातला, शाळा सुटताना, अंधार पडल्यावर तासाभराने, रविवारी भर दुपारी, आणि शनिवारी रात्री साडेअकराला. हा शेवटचा फेरा टॅक्सीतून करा. भिंतीवरची रंगरंगोटी आणि पोपडे गेलेलं प्लास्टर बघून घाबरू नका. त्यावरून नगरपालिकेकडे किती पैसे आहेत एवढंच कळतं. नजर खाली, रस्त्याच्या कडेला ठेवा. गाडीची बाजूची काच फुटली की तिचे खडीसाखरेएवढे बोथट तुकडे होतात आणि झाडल्यावरही फटीत राहतात. एकाच ठिकाणी असे तुकडे दिसणं ही एखादी घटना असू शकते. पण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या जागी ताजे तुकडे दिसले तर रात्री गाड्या फोडणारी टोळी फिरते आहे असं समजा. खांबाला साखळीने बांधलेली, चाकं काढून नेलेली सायकल, टपालपेट्यांची उचकटलेली झाकणं, किराण्याच्या दुकानात जाड काचेमागे बसलेला गल्लेवाला, हे सगळं त्याच जातीचं. लोखंडी जाळ्या तळमजल्यालाच असतील तर ती साधी खबरदारी. तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत असतील तर त्या कधी आणि का बसवल्या ते विचारायलाच हवं.

चांगली खूण कोणती? अंधार पडल्यावर एकट्याने, घाई न करता चालणाऱ्या वयस्क बायका. त्या दिसल्या की माझी निम्मी काळजी मिटते.

दिव्यांचा लख्खपणा बघू नका, सलगपणा बघा. दोन दिव्यांच्या मधल्या पट्ट्यात उभं राहा आणि दहा मीटरवरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येतो का ते पाहा. येत नसेल तर ती वाट संध्याकाळसाठी बाद.

लोकांना 'इथे सुरक्षित आहे का' असं विचारलं तर 'हो हो' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, 'रात्री दहानंतर तुमच्या आईला कोणत्या रस्त्याने जाऊ नको म्हणाल?' हे एक वाक्य तिथल्या भाषेत पाठ करून जा आणि औषधवाल्याला, इमारतीच्या देखभालवाल्याला आणि टपाल वाटणाऱ्याला वेगवेगळं विचारा. तिघांनी एकाच रस्त्याचं नाव घेतलं तर तो रस्ता टाळा. घरांच्या दलालाला विचारू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण गुन्ह्यांच्या भीतीत ती हमखास राहून जाते. साठीनंतर रस्ता ओलांडणं आणि पडणं हे धोके लुटारूपेक्षा जास्त जवळचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अपघाती मृत्यूंच्या कारणांत जगभर पडण्याचा क्रमांक दुसरा आहे, आणि त्यात साठीपुढचे लोक सर्वांत जास्त. बऱ्याच देशांत पादचारी सिग्नलची वेळ सेकंदाला सुमारे १.२ मीटर चाल धरून ठरवतात. १४ मीटर रुंद रस्त्याला त्या चालीने १२ सेकंद लागतात. गुडघे दुखत असतील आणि चाल ०.८ वर आली असेल तर साडेसतरा. उरलेले साडेपाच सेकंद तुम्ही सुटलेल्या गाड्यांसमोर असता. मोबाइलवर वेळ लावून पाचही वाटांवरचे सिग्नल मोजा. मध्ये थांबायला उंचवटा आहे का, फुटपाथवर गाड्या लावतात का, पावसात फरशी निसरडी होते का, तेही बघा. रुग्णवाहिका किती वेळात येते हे दवाखान्यात विचारून ठेवा. हृदय बंद पडल्यावर मदत मिळाली नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते.

घर पसंत पडलं की दार तपासा. युरोपात दारांची घरफोडीपुढे टिकण्याची प्रतवारी आरसी १ ते आरसी ६ अशी असते. आरसी २ चं दार साध्या हत्यारांपुढे तीन मिनिटं टिकतं, आरसी ३ चं कटावणीपुढे पाच. कुलपाचा सिलिंडर, म्हणजे किल्ली जिथे घालतात तो भाग, पट्टीबाहेर ३ मिलिमीटरहून जास्त आलेला असेल तर तो पकडून मोडता येतो. मालकाकडून बदलून घ्या, तासाभराचं काम आहे. मुख्य दाराशी आकड्यांच्या किल्लीपेट्या (थोड्या दिवसांसाठी भाड्याने दिलेल्या घरांची किल्ली ठेवायच्या डब्या) किती लटकल्यात ते मोजा. पाच-सहा असतील तर इमारतीत दर आठवड्याला अनोळखी पाहुणे येतात आणि जिन्यात भेटणारा कोण हे कुणालाच ठाऊक नसतं.

नवख्या माणसाचे पैसे मात्र सगळ्यात जास्त जातात ते अनामत रकमेत. घर आतून पाहिल्याशिवाय आणि मालकी सरकारी नोंदीत तपासल्याशिवाय एक पैसाही पाठवू नका, समोरचा कितीही घाई करो. रस्त्यात कुणी पोलीस म्हणवून पाकीट दाखवा म्हणाला तर ते हातात द्यायचं नाही; ठाण्यात येतो म्हणून सांगायचं आणि तिथला आपत्कालीन क्रमांक लावायचा.

पहिला करार सहा महिन्यांचा करा आणि महिन्याभराच्या नोटिशीवर सोडता येईल असं कलम लिहून घ्या. तिथला कायदा कमी मुदतीला परवानगी देत नसेल, तर मुदतीआधी सोडल्यास किती भरावं लागेल तो आकडा करारात हवा. विकत घेण्याचं एक अख्खं वर्ष काढल्यावर बघा, कारण जुलैतली गजबजलेली समुद्राकाठची वस्ती जानेवारीत बंद खिडक्यांची झालेली असते आणि रिकामी घरं कोणती हे चोरांना शेजाऱ्यांआधी कळतं.