अमेरिकन फुटबॉलमध्ये धावणाऱ्या रिसीव्हरकडे (पास पकडणाऱ्याकडे) कॉलेजचे क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारे, इतका अचूक पास कसा देतात? असा हात उपजतच लागतो का?

हाताचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो. कारण 'हात नाही' म्हणून मला एकदा भर मैदानात बाजूला केलंय.

2018 ची गोष्ट. अमेरिकेत लुइझियानातल्या बॅटन रूजला एमएस करत होतो. विद्यापीठातल्या हौशी फ्लॅग फुटबॉलसाठी (यात पाडायचं नसतं, कमरेची पट्टी ओढायची) आम्ही टीम काढली. क्रिकेटमध्ये माझा बाउंड्रीवरून थ्रो थेट कीपरच्या ग्लोव्हजमध्ये जायचा, म्हणून मला क्वार्टरबॅक केलं. रिसीव्हर होता माझा सांगलीचा रूममेट. ठरलं होतं 'आउट': दहा यार्ड सरळ पळायचं आणि साइडलाइनकडे वळायचं. पहिल्यांदा तो वळलेला बघून मी बॉल टाकला. बॉल पोचेपर्यंत पठ्ठ्या पुढे निघून गेला होता. दुसऱ्यांदा मी अंदाजाने पुढे टाकला, तर साहेब सातव्याच यार्डाला वळले. बॉल अलगद समोरच्या टीमच्या पोटात. वर सगळ्यांसमोर मलाच, "तुझ्या हातात दमच नाय गड्या, तू सेंटर हो." उरलेला सीझन मी वाकून दुसऱ्याला बॉल देत होतो.

आता हिशोब बघा. ताशी 80 किलोमीटरने फेकलेल्या बॉलला 20 यार्ड जायला जवळपास पाऊण सेकंद लागतो. तेवढ्यात जोरात पळणारा रिसीव्हर पाच-सहा मीटर सरकतो. म्हणून माणूस बघून बॉल टाकायचाच नसतो, जागा बघून टाकायचा. क्वार्टरबॅकचं पाचवं पाऊल मागे टेकलं की बॉल सुटलाच पाहिजे, आणि त्या क्षणी रिसीव्हर बहुधा वळलेलाही नसतो. त्याने दहाव्या यार्डालाच वळायचं, ही त्याची जबाबदारी. समोर मॅन कव्हरेज (एकेका रिसीव्हरमागे एकेक बचावपटू) असेल तर बॉल पुढे, बचावपटूपासून लांब. झोन (बचावपटू आपापली जागा राखतात) असेल तर रिसीव्हर मोकळ्या जागेत थांबतो, मग सरळ छातीवर.

क्वार्टरबॅक जो बरोचंच बघा. एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) 2018 मध्ये त्याचे 57.8 टक्के पास पूर्ण झाले, म्हणजे रिसीव्हरने पकडले, 2019 मध्ये 76.3 टक्के. एका वर्षात कुणाला नवा हात फुटतो का? रूममेट म्हणायचा, "जेफरसन आणि चेस पकडतात म्हणून." अरे, ते दोघं रिसीव्हर 2018 मध्येही तिथेच होते! बदलली ती खेळाची आखणी. 2019 ला पासिंगसाठी कोच म्हणून जो ब्रेडी आला आणि कोण कितव्या पावलाला कुठे असेल हे पक्कं झालं. डिसेंबरमध्ये ओक्लाहोमाविरुद्ध बरोने हाफटाइमआधीच सात टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) टाकले, त्यातले चार जेफरसनला. आमच्या सोफ्यावर तेव्हाही हाच वाद चालू होता.

आता हेही खरं की ते दोघंही वर्षभरात तयार झाले होते. आणि टक्केवारी म्हणजे अचूकता नव्हे. हातातून सुटलेला कॅच क्वार्टरबॅकच्याच खात्यात जातो आणि दोन यार्डांचा स्क्रीन पासही (जवळच्या माणसाला दिलेला सोपा पास) 'पूर्ण' धरतात. उपजत किती, हे कोचला विचारा.

तुम्हाला सराव करायचाच असेल तर दहाव्या यार्डाला चप्पल ठेवा. मित्राने तिथेच वळायचं, आणि तो वळण्याआधी तुम्ही बॉल सोडायचा. पास चुकला तर आधी चप्पल कुठे होती ते बघा.

माझा तो दुसरा पास लडखडत गेला होता, हे मात्र कबूल. बॉलच्या लेसवर (वरच्या शिवणीच्या दोऱ्यांवर) बोटं धरायची असतात हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.