क्रॉसओव्हर करून ग्रे कप जिंकता येतो का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

सीएफएल म्हणजे कॅनडाची फुटबॉल लीग, अमेरिकन फुटबॉलसारखीच, चेंडू हातात घेऊन पळायचा. तिच्या २०२५ च्या सीझनला विनिपेग ब्लू बॉम्बर्स वेस्टमध्ये चौथे आले, क्रॉसओव्हर करून ईस्टच्या प्लेऑफमध्ये घुसले आणि मॉन्ट्रियलला जाऊन पहिल्याच मॅचला ४२-३३ नी हरून परत आले. तेव्हापासून याच विषयावर एवढे प्रश्न साठलेत की म्हटलं एकदाच बसून सगळ्यांची उत्तरं देऊन टाकू. ज्यांना सीएफएल पाठ आहे त्यांनी पहिला प्रश्न सोडून पुढे जा.

प्रश्न (ब्रॅम्प्टन): आम्ही इथे नवीन आहोत, मुलगा टोरांटो आर्गोनॉट्सचा फॅन झालाय आणि घरात सारखं क्रॉसओव्हर क्रॉसओव्हर चालू असतं. हे नेमकं काय असतं?

सोपं आहे. लीगमध्ये टीम फक्त नऊ, दोन डिव्हिजनमध्ये. वेस्टला पाच, म्हणजे बीसी (ब्रिटिश कोलंबिया), कॅल्गरी, एडमंटन, सस्कॅचवन, विनिपेग, आणि ईस्टला चार, टोरांटो, हॅमिल्टन, ऑटवा, मॉन्ट्रियल. दोन्हीकडचे पहिले तीन प्लेऑफला जातात, पहिल्या नंबरला थेट डिव्हिजनची फायनल आणि तीही घरच्या मैदानावर, दुसरा-तिसरा सेमी खेळतात. दोन्ही डिव्हिजनचे विजेते मग लीगच्या कपसाठी, म्हणजे ग्रे कपसाठी भिडतात. पण एका डिव्हिजनच्या चौथ्या टीमचे पॉइंट्स दुसऱ्या डिव्हिजनच्या तिसऱ्यापेक्षा जास्त असतील तर ती चौथी टीम त्या तिसऱ्याची जागा घेते, यालाच क्रॉसओव्हर म्हणायचं. पॉइंट्स जास्तच पाहिजेत, बरोबरी झाली तर तिसऱ्याची जागा तिसऱ्याकडेच राहते. जिंकलं की दोन पॉइंट, टाय झाली की एक.

तुमच्या मुलाला २०२५ चंच उदाहरण सांगा, विनिपेग १०-८ (म्हणजे १० जिंकल्या, ८ हरल्या) आणि टोरांटो ५-१३. आर्गोनॉट्स तिसरे येऊनही घरी बसले ते यामुळेच.

प्रश्न (एडमंटन): आमच्या टीमने चार वेळा क्रॉसओव्हर केलं, त्यात तीनदा सेमी जिंकली, तरी ग्रे कपची फायनल काही नशिबात नाही. बाकीच्यांचंही तेच. हा शाप आहे की क्रॉसओव्हरवाल्या टीम मुळातच कच्च्या असतात?

दोन्ही नाही.

आधी हिशोब बघा. १९९७ ला बीसी लायन्स पहिल्यांदा क्रॉसओव्हर करून गेले तिथपासून २०२५ पर्यंत हे १३ वेळा झालं. बीसी पाचदा, एडमंटन चारदा, सस्कॅचवन तीनदा, विनिपेग एकदा. त्यातल्या पाच टीमनी ईस्टची सेमी जिंकली, तुमच्या २००८, २०१६ आणि २०१९ च्या, बीसीची २००९ ची आणि सस्कॅचवनची २०१७ ची. आणि ईस्टची फायनल पाचच्या पाच हरल्या. हे वाचलं की माणूस नशिबाला बोल लावतो, साहजिक आहे. पण घोडं कुठे पेंड खातंय ते नीट बघा.

क्रॉसओव्हरवाल्याला एकही मॅच घरी मिळत नाही. समोरच्यापेक्षा रेकॉर्ड चांगलं असलं तरी नाही. पहिली मॅच दुसऱ्याच्या मैदानात, ती जिंकली तर आठवड्याने दुसरी मॅच आणखी कुणाच्या तरी मैदानात, आणि तिथे समोर जी टीम असते ती आठवडाभर आराम करून, दुखरे गुडघे-खांदे शेकून, तुमच्या सेमीचं फिल्म बघून बसलेली असते. त्यात व्हँकुव्हरहून टोरांटो म्हणजे तीन हजारांहून जास्त किलोमीटर आणि घड्याळात तीन तासांचा फरक. २००९ ला बीसीने हॅमिल्टनला जाऊन ओव्हरटाइममध्ये ३४-२७ जिंकली, जीव खाऊन खेळले होते, आणि पुढच्या आठवड्यात मॉन्ट्रियलने त्यांना ५६-१८ धुतलं. ते मॉन्ट्रियल सीझनला १५-३ होतं. तुमच्या २०१९ च्या टीमसमोरचं हॅमिल्टन पण १५-३ च. अशा टीमसमोर थकून-भागून गेल्यावर दुसरं काय होणार.

आता आकडे लावू. हे माझे अंदाज आहेत, पटले नाहीत तर तुमचे लावा. सेमी जिंकायची शक्यता ४५ टक्के धरा, डिव्हिजन फायनलची ४० आणि ग्रे कपची ५०. गुणाकार केला की येतात ९ टक्के. ९ टक्केवाल्याने १३ वेळा प्रयत्न करून एकदाही कप न मिळण्याची शक्यता साधारण ३० टक्के निघते, म्हणजे अजिबात विचित्र नाही. एकदाही ग्रे कपला न पोचण्याची मात्र ७-८ टक्केच येते, तेवढी कमनशिबी आहे हे मान्य, पण शाप वगैरे म्हणण्यासारखं त्यात काही नाही.

कच्च्या टीमचं म्हणाल तर २०१६ ची तुमची टीम १०-८ होती आणि आदल्या वर्षीची चॅम्पियन होती. त्या वर्षी ईस्टमध्ये पहिलं आलेलं ऑटवा ८-९-१ (शेवटची एक टाय)! पॉइंट्समध्ये तुम्ही ईस्टच्या सगळ्या टीमच्या पुढे, तरी हॅमिल्टनला जा, २४-२१ जिंका, मग ऑटवाला जा. तिथे भर बर्फात मॅच झाली, चेंडू धड हातात राहत नव्हता, पासिंगवर, म्हणजे चेंडू फेकून खेळण्यावर जगणाऱ्या टीमचे वांधे, आणि ऑटवाचा कीनन लाफ्रान्स चेंडू घेऊन १५७ यार्ड पळाला. ३५-२३. तीच मॅच एडमंटनला झाली असती तर मी तुमच्या बाजूने बोललो असतो.

प्रश्न (रिजायना): २०१७ ची टोरांटोची मॅच अजून डोक्यातून जात नाही. तेवढी एक तरी जिंकायला हवी होती ना?

हवी होती. तेराच्या तेरांमध्ये ग्रे कपच्या सगळ्यात जवळ गेलेली टीम तुमची, सस्कॅचवनचीच, माझ्या मते तरी. आधी ऑटवाला जाऊन ३१-२० जिंकलात. मग टोरांटोला मॅच संपत आली असताना तुमच्या क्रिस्टियन जोन्सने पंट रिटर्न करून, म्हणजे त्यांनी लाथेने मारलेला चेंडू पकडून पळत जाऊन थेट टचडाऊन आणला, २१-१८ तुम्ही पुढे. आणि मग टोरांटोचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा, रिकी रे. त्या वयातही डोकं बर्फासारखं थंड. त्याने टीम हळूहळू पार गोल लाइनपर्यंत आणली आणि शेवटच्या एका यार्डासाठी कोडी फहार्डोला आत पाठवलं, २३ सेकंद राहिले असताना तो घुसला आणि २५-२१. तोंडाशी आलेला घास गेला.

मीठ चोळायचं तर अजून आहे. तोच फहार्डो दोन वर्षांनी तुमचाच क्वार्टरबॅक झाला आणि २०२३ ला मॉन्ट्रियलकडून ग्रे कपचा सर्वोत्तम खेळाडू. असो, २०२५ चा कप तुमच्याकडे आहे, तोही वेस्टमध्ये पहिला नंबर काढून रीतसर मिळवलेला, तेव्हा आता २०१७ सोडून द्या.

पण २०१६ आणि २०१७ शेजारी-शेजारी ठेवून बघा. दोन्ही वेळेला क्रॉसओव्हरवाल्याचं रेकॉर्ड ईस्टच्या पहिल्या नंबरपेक्षा चांगलं होतं, दोन्ही वेळेला ती पहिल्या नंबरची टीम घरी खेळून जिंकली, आणि दोन्ही वेळेला तिनेच पुढे कॅल्गरीला हरवून कप उचलला, ऑटवाने ३९-३३ ओव्हरटाइममध्ये आणि टोरांटोने २७-२४. म्हणजे ते दार उघडंच होतं, फक्त एक मॅच घरी मिळाली असती तर... जाऊ दे.

प्रश्न (कॅल्गरी): नेहमी वेस्टचीच टीम ईस्टला जाते, उलटं कधीच का होत नाही? आमच्याकडे पाच टीम आहेत म्हणून?

नियम दोन्हीकडून सारखाच आहे, पण हो, ईस्टची टीम आजवर एकदाही वेस्टला गेलेली नाही. पाच विरुद्ध चार हे अर्धंच कारण. ईस्टची चौथी म्हणजे शेवटची टीम, ती वेस्टच्या तिसऱ्यापेक्षा पुढे जाणं अवघडच.

पण २००६ ते २०१३ ऑटवाची टीमच नव्हती आणि विनिपेग ईस्टमध्ये होतं, म्हणजे चार-चार. तेव्हाही तीनदा क्रॉसओव्हर झालं आणि तिन्ही वेळा वेस्टकडूनच. २००८ ला एडमंटन १०-८ असून वेस्टमध्ये शेवटून पहिलं होतं! आणि तेच एडमंटन विनिपेगला हरवून क्रॉसओव्हर करून मॅच जिंकणारी पहिली टीम ठरलं. एवढी वर्षं वेस्ट सरळ सरळ भारी राहिलंय, ईस्टच्या लोकांना राग आला तरी.

प्रश्न (सरे): समजा क्रॉसओव्हरवाली टीम जिंकत गेली तर ग्रे कपला दोन्ही वेस्टच्या टीम येऊ शकतात?

येऊ शकतात, ती टीम ईस्टतर्फे खेळेल. २०१६ ला एडमंटन जिंकलं असतं तर कॅल्गरी-एडमंटन ग्रे कप झाला असता, दोन्ही शहरं अल्बर्टातली, तिथे त्या दिवशी रस्त्यावर कुत्रं दिसलं नसतं.

प्रश्न (पुणे): भाऊ कॅनडात आहे म्हणून मी पण ऑनलाइन बघायला लागले. हे डिव्हिजनचं लफडं ठेवायचंच कशाला, सरळ पॉइंट्सप्रमाणे पहिल्या सहा टीम घ्या ना?

ताई, लॉजिक तुमचं बरोबर आहे, पण २०१६ ला तसं केलं असतं तर पहिले चारही नंबर वेस्टचे, म्हणजे नोव्हेंबरमध्ये टोरांटो-मॉन्ट्रियल पट्ट्यात प्लेऑफची एकही मॅच झाली नसती. ग्रे कप १९०९ पासूनचा आहे आणि पूर्व विरुद्ध पश्चिम हे तिथल्या लोकांच्या अंगात भिनलंय, ते कोण सोडणार. माझ्यापुरतं विचाराल तर डिव्हिजन ठेवा, क्रॉसओव्हर पण ठेवा, फक्त सेमी कोणाच्या घरी हे पॉइंट्सवर ठरवा. पहिल्या नंबरचा आराम आणि घरची फायनल त्याने कमावलेली असते, ती काढू नका.

आणि लांबचा रस्ता म्हणजे अशक्य रस्ता असंही नाही. वेस्टमध्ये तिसऱ्या आलेल्या टीमलाही दोन मॅच बाहेरच खेळाव्या लागतात. बीसीने २००० ला ८-१० रेकॉर्डवर आणि एडमंटनने २००५ ला तिथूनच कप आणला. आयपीएलमध्ये नाही का, २०११ पासून प्लेऑफ आहेत आणि एलिमिनेटर खेळून कप जिंकणारी टीम एकच, २०१६ ची हैदराबाद. त्यातलाच प्रकार.

प्रश्न (मिसिसागा): ऑफिसमध्ये प्लेऑफचा पूल लागतो. क्रॉसओव्हरवाल्या टीमवर पैसे लावावेत का?

सेमीपुरतं विचारत असाल तर बिनधास्त विचार करा, १३ पैकी ५ म्हणजे काही वाईट नाही, आणि ऑफिसातले लोक चौथा नंबर म्हणून नाक मुरडतात त्यामुळे तिथे फायदा असतो. पूर्ण कपसाठी मात्र तीन गोष्टी बघा. पहिली, ईस्टचा पहिला नंबर किती भारी आहे. १५-३ असेल तर विषय संपला, ९-९ च्या आसपास असेल तर पुढे वाचा. दुसरी, तुमच्या टीमचा मुख्य क्वार्टरबॅक धडधाकट आहे का. तिसरी, धावून खेळता येतं का, कारण नोव्हेंबरात वारा-बर्फ सुटला की पासिंग गुंडाळून ठेवावं लागतं. आणि क्रॉसओव्हर म्हणजे झुंजार टीम असं डोळे झाकून धरू नका, २०१८ ला बीसी ९-९ होतं, हॅमिल्टनने ४८-८ नी उडवलं.

किती पट मिळायला हवेत म्हणाल तर ९ टक्क्याला अकरा पट मिळाले तर हिशोब जेमतेम बरोबरीत येतो. कोणी पंधरा देत असेल तर थोडेसे लावा. सहा-सात पट देत असेल तर तेवढ्या पैशात टिम हॉर्टन्सला सगळ्यांना कॉफी पाजा.