म्हशींच्या जेनेटिक्समध्ये करिअर करायचंय? मग मॅथ्स सोडू नका

कुडाळ तालुक्यातल्या एका बाबांचं पत्र आलंय. लेकीची दहावी झालीय, घरी दोन दुभत्या म्हशी, एक घाटावरून आणलेली मुऱ्हा आणि एक गावठी. डेअरीवर दूध घालायला लेकच जाते आणि सगळ्या स्लिपा जपून ठेवते. मुऱ्हा दिवसाला ९ लिटर देते पण फॅट ६.५, गावठी ४ लिटर आणि फॅट ८.५, दोघींना पेंढा-पेंड तीच, मग असं का, हे तिला शिकायचंय. त्यासाठी अकरावीला बायो घेऊन मॅथ्स सोडायचा तिचा विचार आहे, बाबांना बीएस्सी बायोटेक बरं वाटतं, आणि आजी म्हणते, "म्हशींचा शिकान खंय नोकरी गावतली?"

दादा, मुलीने प्रश्न एकदम बरोबर पकडलाय. दूध वाढलं की फॅटची टक्केवारी थोडी खाली येते, ही ओढाताण बऱ्यापैकी जीन्समध्येच आहे. पण तिला एक हिशोब करायला सांगा, ४ लिटरचं ८.५ ने फॅट होतं साधारण ३४० ग्रॅम आणि ९ लिटरचं ६.५ ने ५८५, म्हणजे स्लिपेवर फॅट कमी दिसलं तरी एकूण फॅट मुऱ्हाच जास्त देते. शिवाय कुठली म्हैस कधी व्यायली तेही बघायला हवं, आटत आलेल्या म्हशीचं फॅट तसंही चढतं. आणि एकाच जातीच्या म्हशीम्हशीच्या दुधात जो फरक दिसतो त्यातला साधारण पाव हिस्साच जीन्सचा, बाकी चारा, पाणी, गोठा, आजारपण, त्यामुळे भारी जातीची म्हैस आणून नुसत्या भाताच्या पेंढ्यावर बांधली तर जीन्स तरी काय करणार!

आता मॅथ्सचं. रेडा काही दूध देत नाही, मग तो चांगला की वाईट कसं ठरवायचं? त्याच्या लेकींच्या दुधावरून. त्या लेकी वेगवेगळ्या गोठ्यांत, कुणी पहिल्या वेतात, कुणी तिसऱ्या, कुणी पावसात व्यायलेली, हे सगळे फरक वजा करून रेड्याचा वाटा किती ते काढायचं, ही चक्क स्टॅटिस्टिक्स आहे. रेडकू मोठं होऊन त्याच्या लेकी दुधात येईपर्यंत सात-आठ वर्षं सहज जातात, म्हणून आता जन्मल्याबरोबर डीएनए तपासून अंदाज बांधतात, त्यासाठी आपल्या देशात महिषचिप (म्हशींचा डीएनए तपासायची चिप) पण तयार झालीय, पण तिथेही काम आकड्यांचंच. नीटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला, मॅथ्स लागत नाही हे खरं, तरी बायो आणि मॅथ्स दोन्ही घ्या. अभ्यास जड होईल, होऊ दे.

बायोटेकला माझा सरळ नकार. तीन वर्षांनी हातात डिग्री असते आणि पुढे काय ते कुणालाच माहीत नसतं. त्यापेक्षा नीट देऊन बीव्हीएस्सी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची डिग्री करा, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, माफसूची (राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठाची) कॉलेजं मुंबई, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर, अकोला इथे आहेत. मग पशु आनुवंशिकी व पैदास या विषयात एमव्हीएस्सी. पुढे नोकरीला कर्नालची एनडीआरआय (राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था) आणि एनबीएजीआर (जनावरांच्या जातींवर काम करणारी राष्ट्रीय संस्था), हिस्सारची म्हैस संशोधन संस्था, एनडीडीबी (राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ), पशुसंवर्धनात काम करणारी बाएफ ही संस्था, वीर्य केंद्रं, आणि यातलं काहीच जमलं नाही तर एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी, नाहीतर स्वतःचा दवाखाना. आजीला एवढं वाचून दाखवा. (डेअरी टेक्नॉलॉजी कुणी सुचवेल, तो कोर्स दूध डेअरीत आल्यानंतरचा, म्हशीचा नाही.) नीटला मार्क कमी पडले तर दापोलीला बीएस्सी ॲग्री आहे, तिथूनही पुढे पशुसंवर्धनाकडे वळता येतं, फक्त डॉक्टर होता येत नाही.

आणि हो, 'ए२ म्हशीचं दूध' म्हणून कुणी जादा पैसे मागत असेल तर देऊ नका, ए२ हा दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार, आणि म्हशी जवळपास सगळ्या ए२च असतात.

तोवर तिने घरी एक वही घालावी. म्हैस कधी माजावर आली (मुका माज असतो, म्हणजे बाहेरून फारसा कळत नाही, पहाटे नीट बघायचं), कधी रेतन केलं, कधी व्यायली, सकाळ-संध्याकाळचं दूध किती. कृत्रिम रेतन (एआय) करायला माणूस येतो तेव्हा त्या बारक्या स्ट्रॉवर रेड्याचा नंबर छापलेला असतो, काम झालं की ती नळी गोठ्यातच कुठेतरी पडते, तो नंबर तिने आधी उतरवून घ्यायचा. पुढे रेडी (मादी पिल्लू) झाली तर तिचा बाप कोण हे वहीत सापडेल, आपल्याकडे बहुतेक गोठ्यांत ते कुणालाच सांगता येत नाही.