पहिल्या दंत शिबिराला जाताना

डॉक्टर, 200 मुलांचे दात मोजून तक्ते भरण्यापेक्षा 40 मुलांकडून नीट ब्रश करून घ्या. अंगणवाडीच्या ताईंना आधी भेटा; रोज मुलांसोबत त्याच असतात.

आयांना तीनच गोष्टी सांगा:
- फ्लोराइड पेस्ट 3 वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, 3 ते 6 वर्षांत वाटाण्याएवढी.
- रात्री ब्रश झाल्यावर फक्त पाणी.
- साधारण सहाव्या वर्षी मागे येणारी दाढ कायमची असते.

ही तिसरी गोष्ट पोराचा गाल बाजूला करून आईला दाखवाच. “दुधाचीच आहे, पडेल,” म्हणत ती दाढ किडू देतात, हे मी फार पाहिलंय. किडका दात दिसला तर पोराला सर्वांसमोर रागावू नका, चिठ्ठी द्या. सीलंटचं, म्हणजे दाढेच्या खाचा बुजवणाऱ्या लेपाचं, नंतर बघू.