मिरी आणि पिंपळी : एकाच कुळातल्या दोन वेली

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मी रोपवाटिकेतून मिरीचा एक आणि पिंपळीचा एक असे दोन वेल आणले. दोन्हींची पाने हृदयाच्या आकाराची आणि दिसायला बरीच सारखी असल्याने दोन्हींना सारख्याच कुंड्या, सारखीच माती आणि सारखेच पाणी दिले. मिरीचा वेल कुंडीच्या कडेवरून खाली लोंबकळतो आहे आणि त्याला अजून एकही घोस आलेला नाही. पिंपळीला बारीक, लांबट, पिवळसर तुरे भरपूर येतात, परंतु ते फुगत नाहीत आणि थोड्याच दिवसांत वाळून गळतात. माझे कोठे चुकते आहे? आणि दोन्ही तिखटच असतील, तर औषधात एकीच्या जागी दुसरी वापरलेली चालते का?
– एक वाचक

उत्तर : आपल्या तक्रारीचे कारण आपण स्वतःच लिहून पाठवले आहे. मिरी लोंबकळते आहे, म्हणून तिला घोस नाहीत. आणि पिंपळीचे तुरे लांब व बारीक आहेत, म्हणजे आपल्याकडचा वेल नर असण्याची शक्यता फार मोठी आहे.

आधी मिरीचे पाहू. मिरीला चढायला आधार लागतो. तिच्या पेरापेरांतून आखूड मुळे फुटतात, ती खरबरीत सालीला किंवा ओलसर खांबाला चिकटतात आणि त्यांच्या जोरावर वेल वर सरकतो. अशा वर चढलेल्या खोडाच्या पेरांतून आडव्या फांद्या निघतात आणि घोस धरतात ते या आडव्या फांद्यांवरच. बुडाजवळून जमिनीवर धावणारे फुटवे आणि हवेत लोंबणारे फुटवे कितीही लांब वाढले, तरी त्यांवर फळ क्वचितच दिसते. आपल्या वेलाला दोन वर्षे चिकटायला काही मिळालेच नसल्याने तो बहुधा नुसताच लांबत राहिला आहे. त्याला आता खरबरीत सालीचे झाड किंवा काथ्या गुंडाळलेला जाड खांब द्यावा आणि मुळे धरेपर्यंत पेरांजवळ सैलसर बांधावे. तरीही घाई करून उपयोग नाही, कारण आधारावर नीट लावलेली मिरीसुद्धा साधारण तिसऱ्या वर्षी फळू लागते आणि सातव्या-आठव्या वर्षी पूर्ण भरात येते. कुंडीतच ठेवायची असेल, तर आडव्या फळफांदीच्या छाटापासून तयार केलेली झुडूप मिरी घ्यावी. ती चढत नाही, आहे त्याच उंचीवर पसरते आणि लवकर फळते. तिचे छाट मुळे धरायला मात्र त्रास देतात, म्हणून रोपे तयारच घेतलेली बरी.

मिरीला वर्षाकाठी २००० ते ३००० मिलिमीटर पाऊस, विरळ सावली आणि ५.५ ते ६.५ सामूची (पीएच), पालापाचोळा कुजून भुसभुशीत झालेली माती मानवते. पाऊस तिला नुसता पिण्यासाठी लागत नाही. तुऱ्यावरचे परागकण खालच्या फुलांपर्यंत पोहोचण्यास पाण्याचे थेंब मदत करतात, त्यामुळे फुलोऱ्याच्या काळात लांबलेली उघडीप पीक बुडवते. परंतु हेच पाणी बुडाशी साचले, तर फायटोफ्थोरा नावाचा रोगकारक जीव मूळ आणि खोडाचा तळ कुजवतो आणि काल हिरवागार असलेला वेल काही दिवसांत पाने टाकून मोकळा होतो. यावर उपाय म्हणून दक्षिण अमेरिकेतील पाणथळ जागी वाढणाऱ्या, ‘पायपर कोलुब्रिनम’ या मिरीच्याच एका बहिणीच्या खुंटावर मिरीचे कलम बांधतात. ओल धरून ठेवणाऱ्या जागेसाठी असे कलम मिळाल्यास अवश्य घ्यावे.

पिंपळीचा स्वभाव निराळा आहे. ती जमिनीवर पसरते, टेकलेल्या प्रत्येक पेरातून मुळे सोडते आणि फळ देण्यासाठी उभे, आखूड फुटवे वर काढते. दोन्ही वेलींच्या पानांत गोंधळ होत असेल, तर हे उभे फुटवे जवळून पाहावेत. पसरणाऱ्या खोडावरच्या पानांना लांब देठ असतो, तर उभ्या फुटव्यावरची टोकाकडची पाने बिनदेठाची असून त्यांचा तळ खोडाला मिठी मारल्यासारखा वेढून बसतो. मिरीच्या पानांत हा प्रकार आढळत नाही. पिंपळीला २० ते २५ टक्के सावली आणि सतत हलकी ओल हवी. मिरीपेक्षा तिला कोरड पटकन बाधते, म्हणून उन्हाळ्यात तिच्या बुडाशी पाल्याचे जाड आच्छादन घालावे. खोल कुंडीपेक्षा तिला पसरट वाफा मानवतो.

मात्र आपली खरी अडचण मातीची नाही. लागवडीतील बहुतेक मिरीच्या वाणांत एकाच फुलात नर आणि मादी असे दोन्ही भाग असतात. पिंपळीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. नराचा तुरा सडपातळ आणि लांब असतो व काम संपले की गळतो. मादीचा तुरा आखूड आणि जाडसर असून त्यातील बारीक फळे एकमेकांत रुतून तुतीसारखे एकसंध कणीस तयार होते. बाजारात पिंपळी म्हणून मिळते ते हेच कणीस. मीही एकदा एकाच वेलाच्या छाटांपासून वाफाभर पिंपळी वाढवली होती आणि तो मूळ वेल नर असल्याचे माझ्या लक्षात दुसऱ्या वर्षी आले. तेव्हा छाट घेताना ज्या वेलावर आखूड, जाड कणसे प्रत्यक्ष दिसत आहेत, त्याचेच घ्यावेत. मादी वेल लागवडीनंतर सुमारे सहा महिन्यांत तुरे देऊ लागतो आणि तुरा दिसल्यापासून साधारण दोन महिन्यांत तो काढणीला येतो. तीन वर्षांनंतर उत्पन्न घटते. त्या वेळी वेल उपटून त्याची मुळे व बुडाकडची जाड खोडे तुकडे करून वाळवतात. हेच पिंपळमूळ.

आता उपयोगाकडे वळू. दोन्हींचा तिखटपणा मुख्यतः पायपरीन या एकाच द्रव्यामुळे येतो. विजेचा चुंबकसुईवर होणारा परिणाम १८२० मध्ये जगापुढे मांडणारे डॅनिश शास्त्रज्ञ हान्स ख्रिश्चन अर्स्टेड यांनी त्याच्या आदल्याच वर्षी हे द्रव्य मिरीतून वेगळे केले होते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हळदीतील कर्क्युमिन या द्रव्याच्या २ ग्रॅमबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर माणसांच्या रक्तातील कर्क्युमिनचे शोषण सुमारे २० पट वाढलेले आढळले. हा गुण दुधारी आहे, कारण फेनिटोइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफिलिन यांसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाणही पायपरीनमुळे वाढू शकते. स्वयंपाकातील चिमूटभर मिरीने भिण्याचे कारण नाही. परंतु चूर्ण रोज औषध म्हणून घेणाऱ्याने आपल्या डॉक्टरांना तसे सांगावे, आणि गरोदरपणी पिंपळीचे औषधी प्रमाण स्वतःच्या मनाने घेऊच नये.

तरीही एकीच्या जागी दुसरी घालणे बरोबर नाही. त्रिकटू या आयुर्वेदिक चूर्णात सुंठीबरोबर मिरी आणि पिंपळी दोन्ही समभाग घेतात. त्या एकच असत्या, तर दोन्ही घेण्याचे प्रयोजन उरले नसते. सितोपलादी चूर्णात खडीसाखर १६, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १ असे भाग असतात आणि तेथे पिंपळीऐवजी मिरी घातली, तर ते सितोपलादी राहत नाही. मिरी मुख्यतः मसाला आहे आणि प्रसंगी औषध. पिंपळीचे उलट आहे. चरकसंहितेत जे तीन पदार्थ अतिप्रमाणात वापरू नयेत असे सांगितले आहे, त्यांत क्षार आणि मीठ यांच्याबरोबर पिंपळीचे नाव येते.

घरी पिकवणाऱ्याने आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. आयुर्वेदाच्या मते ओली पिंपळी मधुर आणि कफ वाढवणारी, तर वाळलेली तिखट आणि कफ कमी करणारी असते. म्हणजे खोकल्यासाठी वेलावरची ताजी पिंपळी तोडून चावणे हा उलटा उपचार ठरतो. मिरीच्या घोसातील एखाद-दुसरा दाणा लाल झाला की घोस काढतात, पण पिंपळीचे कणीस पिकण्याची वाट पाहू नये, कारण पिकल्यावर तिचा तिखटपणा उतरतो. कणीस टणक आणि काळपट हिरवे असतानाच तोडून चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवावे. ते हाताने मोडताना न वाकता कट्कन तुटले, की बरणीत भरण्याजोगे झाले.