व्हाळाचं पाणी: आधी मोजा, मग वाटा

प्रश्न (मालवण तालुक्यातल्या एका व्हाळावरच्या (ओढ्यावरच्या) दोन वाड्या मिळून): वरच्या वाडीत बंधारा घालून कलिंगड आणि वायंगणी (उन्हाळी) भात केलं आहे. खालच्या वाडीत माड-सुपारीची आगरं आहेत. व्हाळावर एकूण चौदा पंप. फेब्रुवारी सरताना खाली पाणी पोचत नाही, खाडीलगतच्या विहिरी मचूळ होतात. वरचे म्हणतात, सोडलेलं पाणी समुद्रालाच जाणार, मग आम्ही का वापरू नये?

उत्तर: एकमेकांविरुद्धचे अर्ज माझ्याकडे नेहमी येतात, दोन वाड्यांनी मिळून विचारलेला प्रश्न क्वचितच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समुद्राला जाणारं पाणी फुकट जात नाही. भरतीचा खार खाडीतून वर चढतो, त्याला मागे रेटतं ते वरून येणारं गोडं पाणी. ते थांबलं की खार आत सरकतो आणि काठच्या विहिरींत उतरतो. माड थोडाफार खार सोसतो, सुपारी नाही. खाडीतल्या तिसऱ्यांनाही (शिंपल्यांनाही) निव्वळ खारं पाणी मानवत नाही.

आता मोजणी. व्हाळाचा दहा मीटरचा सरळ तुकडा निवडा, त्यात नारळाचं सुकं सोडण (साल) सोडा आणि घड्याळ लावा. समजा पन्नास सेकंद लागले, रुंदी दोन मीटर आणि सरासरी खोली पंधरा सेंटीमीटर भरली, तर हिशेब येतो सेकंदाला 60 लिटर. तळाचं पाणी वरच्यापेक्षा हळू वाहतं, म्हणून 48 धरा. पंपाखाली 200 लिटरचा ड्रम ठेवा. तो चाळीस सेकंदांत भरला तर पंप सेकंदाला 5 लिटर ओढतो. म्हणजे दहा पंपांत व्हाळ कोरडा. तुमचे चौदा आहेत, आणि लाईट आली की सगळे एकदमच सुरू होतात! भांडणाचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

निदान तिसरा हिस्सा वाहता ठेवा. हा माझा अंदाज आहे, सरकारी नियम नव्हे. पण नदीत काही प्रवाह राखून ठेवावा, हे 2012 च्या राष्ट्रीय जलनीतीतही आहे. वरच्या आकड्यांत 16 लिटर सोडून 32 उरतात, म्हणजे एका वेळी सहाच पंप. तीन गट करा, पाळी तासांवर लावा आणि पहिली पाळी खालच्या वाडीला द्या. कालव्यावरच्या शेजपाळीतही (पाणी घेण्याच्या ठरलेल्या पाळीत) शेपटाकडून, म्हणजे शेवटच्या टोकाकडून, सुरुवात करण्याची रीत आहे. दर आठ दिवसांनी पुन्हा मोजा. प्रवाह निम्म्यावर आला की पंपही तीन. वनराई बंधाऱ्याच्या (माती भरलेल्या गोण्यांच्या तात्पुरत्या बांधाच्या) तळाशी पाइप ठेवा आणि त्याचं तोंड कुणी गोणपाटाने बुजवत नाही ना, हे बघा. (बुजवतात, मी पाहिलंय.)

वायंगणी भाताबद्दल स्पष्ट बोलतो. एका गुंठ्यावर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे साधारण हजार लिटर. वीस गुंठ्यांत पाच सेंटीमीटर उभं करायला हाच पंप साडेपाच तास चालतो, आणि पाझरणाऱ्या जमिनीत ते टिकतही नाही. बारमाही ओल असलेल्या मळ्यात जरूर करा. इतरत्र पुढच्या साली भात कापल्यावर उरल्या ओलीवर कुळीथ किंवा चवळी पेरा. कलिंगडाला ठिबक आणि मल्चिंग हवंच. ठिबकला केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के, इतरांना 45 टक्के अनुदान आहे; राज्याचं पूरक अनुदान वेगळं. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा.

खालच्या वाडीनेही पाटाने आगर शिपणं सोडायला हवं. आळ्यात पातेरा (सुका पाला) आणि झावळं दाबून घाला. मचूळ होणारी विहीर एका दमात उपसू नका, थोडं थोडं काढा.

राहिला कोंड, म्हणजे व्हाळातला खोल डोह. व्हाळ आटल्यावर मासे तिथेच तग धरतात आणि पहिल्या पुरात तेच चढणीला लागतात, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर जातात. कोंडात कुणाचाही फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपाचं पाण्यातलं तोंड) नको. काठच्या कातळावर चुन्याची रेघ मारा; पाणी रेघेला टेकलं की सगळे पंप बंद. रेघ कुठे मारायची हे दोन्ही वाड्यांसमोर ठरवू. दिवस कळवा, मी येतो. ड्रम तेवढा तुमचा.