हरिहरला जायच्या आधी

लाडक्या पोरी,

तुझा उंचीच्या भीतीबद्दलचा मेसेज रात्री वाचला, लगेच उत्तर टाइप करायला घेतलं पण चार ओळीत मावणारं नाही हे, म्हणून सावकाश पत्रच लिहितेय. डिसेंबरच्या सुट्टीत सगळं घर हरिहर किल्ल्यावर निघालंय, काका-काकू, चुलत भावंडं, तुझे बाबा तर आत्तापासून शूज कपाटातून बाहेर काढून बसलेत, आणि तू मात्र कुणाला काही न बोलता रोज रात्री त्या पायऱ्यांचे व्हिडिओ बघून हातपाय गार पाडून घेतेयस. आधी ते व्हिडिओ बंद कर बरं. ते ड्रोनने लांबून घेतलेले असतात, तुला चढताना तसं काही दिसणारच नाहीये, तुला दिसणार नाकासमोरचा काळा दगड आणि त्यातली हात घालायची खोबण, बस.

"मी भित्री आहे का" असं विचारलंयस. नाहीस. १८१८ साली त्र्यंबकच्या बाजूचे किल्ले इंग्रजांनी घेतले ना, तेव्हा कॅप्टन ब्रिग्ज म्हणून त्यांचा अधिकारी होता, त्याने या हरिहरच्या पायऱ्यांबद्दल लिहून ठेवलंय की याचा चढ किती भयानक आहे ते शब्दात सांगता यायचं नाही, भिंतीला शिडी लावल्यासारखा आहे. फौजेतला माणूस तो. त्याला भयानक वाटलं तर बारावीतल्या मुलीला का वाटू नये?

आणि तुझे पाय का लटपटतात तेही समजून घे, कारण समजलं की निम्मं घाबरणं तिथेच कमी होतं असं मला तरी वाटतं. आपला तोल तीन गोष्टी मिळून सांभाळतात, डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळपायापासून वर येणाऱ्या जाणिवा. आपण सरळ उभे असतो तेव्हाही अंग थोडं थोडं हलत असतं आणि डोळे जवळच्या वस्तू बघून ते हलणं पकडतात आणि सावरतात. कड्यावर गेलं की समोर जवळचं काही नसतं, नुसती दरी, मग डोळ्यांना काही पकडता येत नाही आणि अंग खरंच जरा जास्त हलतं. म्हणजे तुला जे "मी डुलतेय" असं वाटतं ना ते तुझ्या मनाचे खेळ नाहीत. उपायही त्यातच आहे, नजर जवळच्या दगडावर आणायची आणि एक हात कातळाला टेकवायचा, नुसता टेकवला तरी खूप फरक पडतो, करून बघ.

दुसरं, "चक्कर येऊन पडले तर" हे तुझ्या मेसेजमध्ये तीनदा आलंय. रक्त बघून, इंजेक्शन बघून काही लोकांना चक्कर येते कारण त्यात रक्तदाब एकदम खाली जातो. उंचीच्या भीतीत छाती धडधडते म्हणजे उलट होतं, त्यामुळे नुसत्या या भीतीने शुद्ध हरपत नाही सहसा. हां, उपाशी चढलीस, पाणी प्यायली नाहीस, किंवा घाबरून भराभर श्वास घेत राहिलीस तर डोकं हलकं होईल, हातांना मुंग्या येतील. त्यासाठी श्वास सोडणं लांबव, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागला पाहिजे, एवढंच लक्षात ठेव. (घरी गादीवर कूस बदलताना पण गरगरतं का तुला? तसं असेल तर ते कानाचं असू शकतं, आधी डॉक्टरांना दाखव, ट्रेक नंतर.)

आता कळसूबाईचं. त्या लोखंडी शिडीवर तू अडकलीस, मागून लोक चल ना पटकन करत होते, आणि तू उतरून खाली येऊन बसलीस. त्याची लाज वाटून घेऊ नकोस, पण तिथे नेमकं काय झालं ते बघ. भीती एकदम वर गेली, तू तिथून निघालीस, आणि खाली आल्याबरोबर हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्यातून शरीर एकच गोष्ट शिकलं की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी ते आणखी आधी ओरडणार. म्हणून मी तुला हिंमत कर, डोळे मिटून चढ वगैरे काही सांगत नाहीये, मी सांगतेय थांबायला शिक. जिथे भीती वाटते पण झेपते अशा जागी जायचं आणि तिथे थांबायचं, चढायचं नाही उतरायचं नाही, भीती आपोआप खाली येईपर्यंत थांबायचं. ती येते गं खाली, धडधड कायम त्याच जोरात राहत नाही. हे एकदा स्वतःच्या अंगाने अनुभवलंस की मग मी सांगायची गरज उरणार नाही.

आणि त्यासाठी नाशिकसारखं गाव नाही. पांडवलेणीपासून सुरू कर, पायऱ्या नीट बांधलेल्या आहेत, वर लेण्यांच्या समोर उभं राहिलं की हायवे आणि सगळं शहर खाली दिसतं. कडेपासून तुला झेपेल एवढ्या अंतरावर उभी राहा, कुणाचा हात न धरता, आणि जवळच्या दगडावरून हळूहळू नजर लांब न्यायची, परत जवळ आणायची. कंटाळा यायला लागला की समजायचं झालं इथलं काम. (तेवढ्यात तीन नंबरच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा शिलालेख पण बघून घे, आपल्या मुलाबद्दल, सातवाहन राजा गौतमीपुत्राबद्दल, एका आईने कोरून घेतलंय ते, नाशिकच्या मुलीने बघितलेलं असावं.) मग रामशेज, पेठ रोडने आशेवाडीला जायचं, चढ सोपा, वर मोकळं पठार आणि कडेला खरा कडा, तिथे मात्र उभं न राहता कडेपासून लांब बसून दरी बघ. मग अंजनेरी, तिथे घळीतून पायऱ्यांनी चढतो आपण, दोन्ही बाजूंना कातळ असतो त्यामुळे बरं वाटतं, आणि मग एकदम मोकळ्यावर येतो, तो बदल तुला सवयीचा व्हायला हवा. एका जागी मन शांत व्हायच्या आधी पुढच्या जागी जायचं नाही. डिसेंबरपर्यंत अंजनेरी झालं नाही तर नाही झालं.

हरिहरबद्दल आता. हर्षेवाडीकडून चढा, निरगुडपाड्यापेक्षा सोपं पडतं. शनिवार-रविवार अजिबात नको, तीच एक अरुंद वाट चढायला आणि तीच उतरायला, गर्दीत मधेच खोळंबून उभं राहावं लागतं आणि तुझ्यासाठी तेच सगळ्यात वाईट. सकाळी लवकर पोचा. पायऱ्यांच्या दोन्ही कडांना हाताच्या खोबणी आहेत, आत बोटं घातली की चांगली पकड बसते, कडा इतक्या लोकांच्या हातांनी गुळगुळीत झाल्यात. दोन हात दोन पाय, यातलं एका वेळी एकच हलवायचं, बाकी तीन पक्के. पाऊल पूर्ण टेकवायचं. नुसत्या चवड्यावर उभी राहिलीस की पोटरी थकते आणि पाय शिलाई मशीनसारखा थडथडायला लागतो, मग तुला वाटणार आता पडले. टाच खाली घे, थांबतो तो. ओढणी नको, गळ्यात काही लटकवू नको, मोबाईल सॅकमध्ये, आणि सॅक बाबांकडे.

पहिला दरवाजा आला म्हणजे संपलं असं समजू नकोस हं. पुढे कातळाखालून वाकून जायची वाट आहे, एका बाजूला दरी, आणि मग परत पायऱ्या. दरवाजात बसायला जागा आहे, तिथे वाटेल तेवढं थांब, पाणी पी, मागच्यांना पुढे जाऊ दे. आणि उतरताना तोंड दगडाकडे, पाठ दरीकडे, जसं शिडी उतरतो तसं. कुणी तोंड बाहेर करून टणाटणा उतरत असेल तर उतरू दे त्याला.

घरच्यांना सांगितलं नाहीयेस अजून, ते आजच सांग. १९८५ सालचा एक प्रयोग आहे, वर्षभराच्या बाळांना काचेवर ठेवलं, काचेखाली पुढे फूटभराचा खड्डा दिसत होता आणि पलीकडे आई. आई हसऱ्या चेहऱ्याने बघत होती तेव्हा १९ पैकी १४ बाळं ओलांडून गेली, आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. तू बाळ नाहीस पण कड्यावर माणूस आपल्या माणसाचा चेहरा बघतोच. म्हणून उतरताना बाबा तुझ्या खाली दोन पायऱ्यांवर असू देत, त्यांनी शांतपणे एवढंच बोलायचं, "डावा पाय अजून थोडा खाली". "सांभाळ सांभाळ" नको, हात ओढणं तर मुळीच नको, त्याने दोघांचाही तोल जातो. चुलत भावाला ठामपणे सांग की माझा रील काढायचा नाही. चिडवलं तर काकूला सांग, ती बघून घेईल त्याला.

आणि पायऱ्या सुरू होतात तिथे, खाली सपाटीवर, आधी बसायचं. तिथे ठरवायचं जायचं की नाही, पायऱ्यांवर मधे ठरवायचं नाही, मधून वळणं अवघड असतं आणि खालून माणसं येत असतात. कातळ ओला असेल तर प्रश्नच नाही, परत फिरायचं, सगळ्यांनीच. कोरडा असेल पण तुझं मन म्हणालं आज नको, तर तू खाली थांबशील आणि तुझ्याबरोबर एक मोठं माणूस थांबेल, हे घरातच आधी ठरवून घ्या म्हणजे तिथे उगाच आग्रह होत नाही. बाबांना हे बोलायला जड जात असेल तर त्यांना मला फोन करायला सांग, मी बोलते.

येत्या शनिवारी सकाळी सातला पांडवलेणीच्या पायथ्याशी ये, मी आहे. नाश्ता करून ये, उपाशी नको.

तुझी,
मावशी